नंबरात आलेलं आमचं कॉलेज

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहून बाहेर कॉलेजात शिकवणाऱ्या बाईकडे किस्से साठत जातात, पण ते सांगायला जागा नसते. स्टाफरूममध्ये बोलावं तर भिंतींना कान, आणि घरी बोलावं तर नवरा कारखान्यातून इतका दमून आलेला, की पहिल्याच वाक्याला घोरतो! म्हणून तुम्हीच ऐका. हसू आलं तर खुशाल हसा. मला आता त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं हसू येत नाही.

*

आमचं कॉलेज भोपाळातलं, खाजगी, इंजिनिअरिंगचं. दरवर्षी कॉलेजांचं रँकिंग जाहीर झालं, की शेजारच्या भालेबाई कुंपणावरून विचारायच्या, "तुमचं कितवं आलं हो?"

एकदा मी वैतागले. म्हटलं, "अहो, बाजारात वांगं चार वेळा उलटंपालटं करून घेता तुम्ही. मुलाला घालण्याआधी कॉलेजातला एखादा तास तरी बघून या!"

तर म्हणाल्या, "वांग्याला नंबर असता तर तेही न बघताच घेतलं असतं!"

आता बोला!

*

आमच्याच इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटला ढवळे सर होते. मूळचे ग्वाल्हेरचे. वर्षानुवर्षं कारखान्यात विजेच्या मोटारींवर काम केलेलं, मग शिकवायला आले. क्वार्टर वहिनींच्या नावावर, कारण त्या टाउनशिपच्या शाळेत शिकवायच्या. "घर बायकोचं, दारावरची पाटी तेवढी माझी," असं स्वतःच सांगायचे.

लॅबमध्ये ते जळालेली मोटार उघडायचे आणि पोरांना वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारांच्या वेटोळ्यांचा, वास घ्यायला लावायचे. एक मुलगी नाक मुरडून म्हणाली, "सर, ये सिलेबस में है?"

सर म्हणाले, "नहीं बेटा. ये नौकरी में है."

ती मुलगी आज कुठेतरी मोठ्या प्लांटवर आहे. दिवाळीला फोन सरांनाच करते, मला नाही. बरोबरच आहे म्हणा! मी फळ्यावरची मास्तरीण.

*

पण सरांना पीएचडी नव्हती, आणि रँकिंगमध्ये पीएचडीवाल्यांचे मार्क असतात. त्यात सरांची नोकरी कराराची, दरवर्षी नवा करार. डायरेक्टरसाहेबांनी त्यांना बोलावून म्हटलं, "सर, पीएचडी कर लीजिए. सब कर रहे हैं."

"कर लूँगा, साहब. तब तक लॅब कौन लेगा?"

"लॅब का क्या है, कोई भी ले लेगा!"

त्या दिवसापासून मला एकच धास्ती. हे लोक सरांना काढणार, आणि मग पोरांना मोटार उघडून दाखवणारं कुणी उरणार नाही.

*

दरम्यान रिसर्च पेपरची लाट आली, कारण त्यांनाही रँकिंगमध्ये मार्क. जो तो पेपर छापतोय! आमच्यातल्या एका तरुण सरांनी प्रेमापोटी ढवळे सरांचंही नाव आपल्या पेपरात घातलं. त्यांना वाटलं, एवढ्याने सरांचा करार तरी टिकेल.

सरांनी तो पेपर वाचला. घोळ तोच झाला, कारण बाकी कुणी वाचलेला नव्हता! दुसऱ्या दिवशी त्या तरुण सरांना म्हणाले, "बाबा रे, हे काम मी केलेलं नाही. आणि तूही नीट केलेलं नाहीस. माझं नाव काढ, आणि जमलं तर तुझंही."

डायरेक्टर भडकले. "अरे, नाम तो सबका जा रहा है!"

"तो मेरा नहीं गया तो भी चलेगा," सर म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला.

*

मग नवी मशिन्स आली. बाहेरून माणसं कॉलेज तपासायला येणार होती, म्हणून घाईघाईने आणलेली. ढवळे सरांनी त्याच दुपारी प्लास्टिक टरकावलं आणि पोरांना कामाला लावलं. डायरेक्टर धावत आले. "सर! प्लास्टिक क्यों निकाला? फोटो में नया दिखना चाहिए था!"

"साहब, बच्चे क्या प्लास्टिक पढ़ेंगे?"

पोरं खदखदून हसली. मीही हसले. पण सरांचं आता काही खरं नाही, हे मला तिथेच कळलं.

*

त्या वर्षी करार वाढवला नाही. निरोप मात्र झकास दिला. शाल, श्रीफळ, "हमारे संस्थान के स्तंभ" वगैरे भाषण. स्तंभ काढल्यावर छताचं काय, हे कुणी विचारलं नाही. सरांच्या जागी पीएचडी झालेले एक गृहस्थ आले. बिचारे सज्जन, पण लॅबमध्ये स्विचला हात लावायला घाबरायचे.

आणि पुढच्याच रँकिंगला कॉलेज वर गेलं! स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मी माझा पेढा कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

*

त्यानंतरच्या ॲडमिशनच्या दिवसांतली गोष्ट. टाउनशिपच्या गेटाबाहेर कॉलेजचं भलंमोठं होर्डिंग लागलं. त्यावर नवा नंबर ठळक, आणि खाली फोटो कुणाचा असावा? ढवळे सरांचा! मोटारीवर हात ठेवून शिकवताहेत, भोवती पोरं. जुना फोटो, कुणीतरी न बघताच टाकलेला.

संध्याकाळी सर, वहिनी आणि मी फिरून येत होतो. गेटापाशी पवारांनी स्कूटर थांबवली. पवार कारखान्यात टेक्निशियन, नुकतेच नाशिककडून बदलून आलेले. मागे त्यांची मुलगी.

"सर, तुमच्याकडेच निघालो होतो. दोन कॉलेजं हातात होती, काही ठरेना. मग हा बोर्ड बघितला आणि हिच्या आईला म्हटलं, सर आहेत ना, मग विषय संपला! आजच फी भरली. इलेक्ट्रिकल, तुमचीच ब्रँच."

मुलगी खाली उतरून सरांच्या पाया पडली. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर वहिनींनी माझा हात घट्ट धरला.

"पोरगी तुमच्या हवाली केली, सर," पवार म्हणाले. "लक्ष ठेवा."

सरांनी एकदा होर्डिंगकडे पाहिलं. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ठेवतो की. तू असं कर बाळ, दर रविवारी सकाळी घरीच येत जा. कॉलेजात फार गर्दी असते."