पोहणं रक्तात असलेलं गाव

आमच्या गावात कुणाला पोहायला शिकवत नाहीत, कारण पोहणं आमच्या रक्तात आहे, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. भिवंडीजवळच्या वळ गावाच्या पुढे, खाडीच्या अंगाला आमचं गाव. आजोबा मासे धरत. वडील भात लावत आणि भरती-ओहोटी बघून जाळं टाकत. आम्ही पोरं चिखलात लोळत लोळतच पाण्यात शिरलो, हे खरं. पण खाडीचा काठ उतरता होता. आधी घोटा बुडायचा, मग गुडघा, मग कंबर. पाठीला सुका भोपळा बांधलेला असायचा आणि मागे वडील उभे असायचे. म्हणजे आम्हाला शिकवलंच होतं की! गाव ते विसरलं आणि सगळं श्रेय रक्ताला देऊन मोकळं झालं.

दोन हजार सालानंतर गावात गोदामं आली. भाताची खाचरं भरून जमीन उंच करायची तर मुरूम लागतो. गावामागची टेकडी मुरमाचीच होती. ती डंपरांतून गेली आणि तिच्या जागी खाण राहिली. भिंतीसारख्या उभ्या कडा, काठावरून पाऊल टाकलं की थेट डोक्यावर पाणी. पावसाळ्यात ती भरली, तेव्हापासून गाव तिला तळं म्हणू लागलं. खड्डा म्हटलं असतं तर तो कुणी खणला, हा प्रश्न आला असता. तळं देवानेच दिलेलं असतं.

मी तेव्हा भिवंडीतल्या एका शाळेत शिक्षक होतो, राहायलाही शहरातच. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला, आणि ती पदवी माझ्या मोठ्या भावाची देणगी आहे. मी शिकावं म्हणून त्याने सातवीत शाळा सोडली आणि शेतावर उभा राहिला. कॉलेजच्या पहिल्या दिवशी माझ्या अंगावर शर्ट त्याचा होता. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे ते लिहिताना हात जड होतो. पण हात जड झाला म्हणून खोटं लिहिता येत नाही.

शाळेत आम्ही मुलांच्या सुरक्षेवर पुष्कळ बोलायचो. अनोळखी माणसाने दिलेलं चॉकलेट घेऊ नका, हे प्रत्येक पाहुणा सांगून जायचा आणि मुलं एका सुरात ‘नाही घेणार’ म्हणायची. एवढी वर्षं शिकवून मला चॉकलेट देणारा तो माणूस काही भेटला नाही. आमच्या मुलांना अनोळखी माणसांपेक्षा ओळखीच्या जागांचाच धोका जास्त होता. त्या जागांवर व्याख्यान द्यायचं तर त्यांच्या मालकांना पहिल्या रांगेत बसवावं लागलं असतं, आणि त्या रांगेत ते आधीच पाहुणे म्हणून बसलेले असत.

एका उन्हाळ्यात खाणीत एक मुलगा बुडाला. गावाजवळच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्या परप्रांतीय माणसाचा मुलगा, आठवीतला. मी गावी पोचलो तेव्हा त्याचे वडील काठावर बसले होते. शिफ्टवरून तसेच उठून आलेले, केसांत कापसाचा भुगा. पलीकडे आमच्या गावची मंडळी उभी होती.

“त्यांना कुठं पानी ठाव हाय?” एक जण म्हणाला. “आपल्या पोरांना काय होत न्हाय.”

बाप ऐकतोय आणि त्याला मराठी कळतं, याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. मान डोलावणाऱ्यांत माझा भाऊही होता.

आठवड्याभरात काठावर फलक लागला. ‘सावधान, पाणी खोल आहे’ ही अक्षरं खाली एका ओळीत. वर शुभेच्छुकांचे फोटो, सगळे गॉगल लावलेले, कुणी मोबाईल कानाला धरलेला. दुसऱ्या रांगेत माझा भाऊ सोन्याची साखळी घालून हात जोडून उभा. मेलेल्या मुलाचं नाव कुठेही नव्हतं. कोणाला कसल्या शुभेच्छा दिल्या होत्या ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्याच सुट्टीत मी भावाच्या मुलाला विचारलं. सातवीतून आठवीत गेलेला, गोदामाच्या पैशातून बांधलेल्या नव्या बंगल्यात टाईल्सच्या न्हाणीघरात वाढलेला पोरगा.

“तू जातोस का खाणीवर?”

“सगलेच जातात, काका.”

“पोहता येतं तुला?”

“येतं की.”

“मधे गेलायस कधी, हातपाय सोडून?”

“मधे कशाला? काठाला पाईप हाय ना, पंपाचा. मुरूमवाल्यांनी टाकून दिलेला. त्याला धरायचं आनि पाय मारायचे.”

“आणि बाकीची पोरं?”

“ती पन पाईपच धरतात. नंबर लागतो.”

बुडालेल्या मुलाचा हात पाईपवरून सुटला, की त्याचा नंबरच लागला नव्हता, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. मी तडक भावासमोर जाऊन बसलो. तो हॉलमधल्या झोपाळ्यावर होता.

“दादा, तुझ्या पोराला पोहता येत नाही.”

तो हसला. “मास्तर, तुमच्या पुस्तकातलं पानी निरालं, आमचं निरालं. खाडीवाल्याच्या पोराला पोहता येत न्हाय! हे तू बाहेर कुठं बोलू नको हां, लोक हसतील.”

“हसू देत. तो पाईप धरून असतो.”

“शिकलास ना, म्हनून भित्रा झालास. मी त्याच्या वयाचा होतो तवा भरतीत पलीकडं जात होतो.”

“तुला बाबांनी भोपळा बांधला होता. तू त्याला काय बांधलंस?”

त्याने चहा सांगितला. चहा आला नाही, वहिनी आली. हाताला तांदळाचं पीठ तसंच.

“कंचा पाईप?” तिने विचारलं.

मी सांगितलं. ती नवऱ्याकडे वळली. “तुमी पोहता, त्याचं मी काय करू? पोर बुडल्यावर तुमचा फोटू उडी मारनार हाय का?”

भावाला ते लागलं. चारचौघांत तो ऐकून घेणारा नव्हता आणि इथे तर धाकटा भाऊ बसलेला. त्याने पोराला हाक मारली, जीपची किल्ली घेतली. “चल. आताच दावतो यांना. तुमीपन चला दोघं.” वहिनी पिठाच्या हातानेच बसली. मी मनात ठरवून ठेवलं होतं की पोराने उडी मारली तर त्याच्यामागे मीही मारायची. म्हणून बूट जीपमध्येच काढले. भावाने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

भर दुपार होती. खाणीत पाचसहा पोरं होती, आमच्याच गावची, सगळी खाडीवाल्यांची. माझा भाऊ फलकाखाली उभा राहिला. वर त्याचाच फोटो हात जोडून उभा होता.

“मार उडी,” तो म्हणाला.

पोराने शर्ट काढला. काठापर्यंत गेला. पाण्याकडे पाहिलं, मग डावीकडे पाहिलं, मग बापाकडे.

“बाबा, पाईप मोकला न्हाय.”

पाण्यातल्या पोरांनी आमच्याकडे पाहिलं. प्रत्येकाचा एक हात पाईपवर होता. एकाने समजूतदारपणे सरकून जागा केली. “ये रं, मावशील,” तो म्हणाला.

माझ्या भावाचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मी लिहिणार नाही. त्याच्या शर्टावर मी शिकलो आहे. तो खाली वाकला, पोराचा शर्ट उचलला, झटकला आणि त्याच्या हातात दिला. “घाल. ऊन लागंल.” मग पाण्यातल्या पोरांवर ओरडला, “निघा रं सगली बाहेर!” एकेक जण बाहेर आल्याशिवाय तो जीपपाशी गेला नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून पुतण्या ठाण्याला तरणतलावावर जाऊ लागला. चोरीचा माल न्यायचा असल्यासारखं भाऊ त्याला गुपचूप, पडदे लावलेल्या जीपमधून न्यायचा. खाडीवाल्याचा पोरगा सिमेंटच्या हौदात, शिट्टीवाल्या मास्तरकडून, पैसे देऊन पोहायला शिकतो, हे गावाला कळलं असतं तर म्हणे तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून गावात सांगितलं होतं की पोरगा कॉम्प्युटर शिकतो. रोज ओलं डोकं घेऊन घरी येणारा कॉम्प्युटरचा विद्यार्थी आमच्या घराशिवाय जगात कुठे झाला नसेल.

एका रविवारी मी त्यांच्यासोबत गेलो. पुतण्या आता पाण्यावर तरंगत होता, नाकात पाणी गेलं की रागावत होता. एकदा भिंत सोडून मधे गेला आणि परत आला, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी टाळ्या वाजवल्या. भाऊ मात्र बाकावर अवघडून बसला होता. त्याची नजर जिथे होती तिकडे मी पाहिलं. पलीकडच्या बाकावर आमच्या गावातला एक बाप वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता. त्याचा मुलगा म्हणे इंग्रजी बोलायला शिकत होता. त्याच्या मागच्या बाकावर आणखी एक. त्याच्या मुलाच्या दातांवर ठाण्याला इलाज चालू होता. तिघांनी एकमेकांना पाहिलं होतं आणि तिघांनीही पाहिलं नव्हतं. पाण्यात त्यांची पोरं एकमेकांना हाका मारून खिदळत होती.

पण ज्यांच्या बापांकडे जीप नव्हती, ती लूमवाल्यांची पोरं खाणीवरच होती. परतताना मी कुंपणाचा विषय काढला. भाऊ म्हणाला, “पोरांसाठी म्हनून काढलास तर कोन ऐकनार न्हाय. मी बघतो.”

पावसाळ्याआधी गावाची सभा झाली. भाऊ उठला आणि म्हणाला, खाणीत म्हशी पडतात, तेव्हा गोदामाच्या उरलेल्या पत्र्यांचं कुंपण घालावं. तरणतलावावरचे दोघे बाप लगेच म्हणाले, खरंच, मुक्या जनावराचा प्रश्न आहे. गावात तेव्हा म्हशी उरल्या होत्या कुठे? आणि म्हैस जन्मतःच पोहते, हे त्या सभेत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हशींच्या बाजूने सगळ्यांबरोबर मीही हात वर केला.