कालकथित कोंडिराम राजहंस

माझा धाकटा भाऊ उदय शांती नगरात राहतो. कुरिअर कंपनीत नोकरीला आहे आणि इतका भिडस्त की रिक्षावाल्याने भलत्याच सेक्टरला सोडलं तरी थँक्यू म्हणून उतरेल. त्याला एकच दुखणं होतं, आडनावाचं. आम्ही घुबडे.

आता घुबडे म्हणजे काय पाप आहे का? आमचा पणजा परभणीकडच्या गावात रात्रीची राखण करायचा. हौसेने नाही, आमच्या समाजाच्या वाट्याला आलेली चाकरी होती ती. रात्रभर जागा, दिवसा झोपलेला, म्हणून गावाने त्याला घुबड म्हटलं. पुढे तेच शाळेच्या दाखल्यावर चढलं. आमचे बाबा कोंडिराम भाईंदरला स्टीलच्या कारखान्यात वॉचमन होते, तेही रात्रपाळीचे. हसून सांगायचे, गाव झोपायचं ते घुबडे जागा असायचा म्हणून. लाज बिज काही नाही.

उदयला ते जमलं नाही. ऑफिसात हिंदीवाले त्याला ‘उल्लूजी’ म्हणायचे आणि हा वेडा हसून दाखवायचा. पण मानसी, त्याची मुलगी, त्याच शब्दापायी शाळेतून रडत आली तेव्हा याचं हसू संपलं. बाबा गेल्यावर त्याने गॅझेटमध्ये आडनाव बदलून घेतलं. राजहंस! मी म्हटलं, पक्षी काही सोडवत नाही ना तुला? आईला सांगितलंस का? म्हणाला, सांगतो.

कसलं सांगतोय. आई, चंपाबाई, त्याच्याकडेच राहते. तिला वाचता येत नाही, त्यामुळे दारावरची पाटी बदलली तरी तिला पत्ता नाही. शेजारीपाजारी सगळे त्याला उदयभाई म्हणणारे. त्याला मात्र ते मनातून खात होतं. मला फोन करून म्हणायचा, ताई, रोज त्या पाटीखालून जातोय ना, स्वतःच्याच घरात चोरासारखं वाटतं.

यंदा मानसीचं लग्न ठरलं, जवळच्या खारी गावातल्या काशीनाथरावांच्या प्रितमशी. पत्रिका छापून आल्या, त्यातल्या काही उदयने येतानाच वाटूनही टाकल्या. आमच्यात खरं तर पहिली पत्रिका बुद्धांच्या तसबिरीपुढे ठेवतात, आणि कैलासवासीच्या जागी कालकथित लिहितात. आई मला म्हणाली, पंचशीला, तू वाच, शेजारी बाबांचा फोटो आहे, त्यांनाही ऐकू दे. मी उदयकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. मग काय करणार, वाचली मी. ‘कालकथित कोंडिराम राजहंस आणि श्रीमती चंपाबाई राजहंस यांची नात.’

आईने फोटोकडे बघितलं. मग म्हणाली, “ह्यो कोंडिराम कोन? म्या न्हाई वळखत ह्याला.”

उदय तिच्या पायाशीच बसला. शाळा, ऑफिस, मानसीचं रडणं, सगळं भडाभडा सांगत सुटला. मला त्याचा राग येत होता आणि कीवही येत होती. आईने त्याला अडवलं नाही. त्याचं सांगून झाल्यावर त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“माजं नाव काय बी लाव. बाईमानूस हाय, बापाचं नाव सोडूनच आले हुते. तुज्या लेकीचं बी बदलंल आता. पन त्यो मेलाय, बाबा. त्याला इचारायची सोय न्हाई.”

त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून एकेका पत्रिकेवर बाबांपुढचं राजहंस खोडलं आणि पेनाने घुबडे लिहिलं. वाटून झालेल्या तेवढ्या उरल्या. त्यांच्यासाठी उदय घरोघर फिरला, हा भिडस्त माणूस, प्रत्येक दारात माफी मागत. काशीनाथरावांकडे मी बरोबर होते. त्यांनी चष्मा लावून खाडाखोड बघितली आणि सरळ मनाने विचारलं, “अहो, वडील घुबडे, मग तुम्ही राजहंस कसे?”

उदयने पेन खिशाला लावलं.

“मी त्यांचाच मुलगा आहे,” तो म्हणाला. “पण आता आडनावावरनं ते कुणाला कळणार नाही.”