फिलोमिनाबाईंची साथ

फिलोमिनाबाईंच्या दिराचा, रॉबर्टचा फोन आला तेव्हा मी शाळेत निघायच्या गडबडीत होते. "ताई, वैनी गेली... सकाळी उठलीच न्हाय."

फिलोमिनाबाई आमच्या शाळेत गणित शिकवायच्या. मी मराठी शिकवते. त्या उत्तनजवळच्या चौक गावच्या, मी भाईंदर पूर्वेची, माहेर रत्नागिरीकडचं. वयानं त्या बऱ्याच मोठ्या. पण मी लहानपणी गाणं शिकलेली आणि त्या चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्या, एवढ्यावर आमचं जमलं. डबा खाताना एकदा त्यांनी विचारलं, "बंदिश म्हणजे नेमकं काय गं?" मी म्हटलं, बांधलेली रचना, दोन-चार ओळींची, स्थायी आणि अंतरा. "आणि पुढचा पाऊण तास?" तो गाणाऱ्यानं भरायचा. त्या हसल्याच. "आमच्यात तर खोकायची जागासुद्धा लिहून ठेवलेली असते!" मग त्यांनी मला सोनाटा समजावला, की ही वाजवायची रचना, एकाची नाहीतर दोघांची, आणि तिचे तीन-चार भाग असतात. कन्चेर्टोत एक वाद्य पुढे आणि मागे सगळा ताफा. सिम्फनीत पुढे कोणीच नाही, सगळे मिळून. हे सांगताना त्या पोळीचे तुकडे डब्याच्या झाकणावर मांडायच्या आणि शेवटी खाऊन टाकायच्या.

त्यांचे यजमान पास्कल चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरायचं मोठं व्हायोलिन, वाजवायचे. त्यांची हयात सिनेमाच्या स्टुडिओत गेली. पुढे संगणकावरच सगळी वाद्यं वाजू लागली, तसं बोलावणं येईनासं झालं. मग ते, फिलोमिनाबाई आणि धाकटा दीर रॉबर्ट असे तिघं रविवारी घरीच वाजवू लागले. रॉबर्ट कीबोर्डवर. "आमचा ट्रायो," बाई म्हणायच्या, जणू घराण्याचंच नाव. खिडकीबाहेर बोंबील वाळत असायचे आणि आत ते तिघं एकमेकांकडे न बघता, एकमेकांना ऐकत वाजवायचे. मी पायरीवर बसून ऐकायची.

पास्कल अचानक गेले. त्यानंतर बाई शाळेत यायच्या, फळ्यावर गणितं सोडवायच्या, पण व्हायोलिनची पेटी त्यांनी उघडली नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाल्या, "आमच्यात माणसं मोजून नाव देतात, सुषमा. तिघं म्हणजे ट्रायो. आता दोघं उरलो... दोघांचं नाव मला घ्यायचं न्हाय."

पुढच्या रविवारी मी तानपुरा घेऊन रिक्षानं चौकला गेले. रॉबर्टनं दार उघडलं. बाईंनी तानपुऱ्याकडे बघितलं. "हा कशाला आणलास? मला राग वाजवायला येत न्हाय."

"वाजवू नका. मी नुसती छेडत बसते."

तानपुरा पांढरी पाच या पट्टीत लावून मी बसले. बराच वेळ त्या पाठमोऱ्या मासे साफ करत होत्या. मग हात धुऊन आल्या. "याला तुमच्यात काय म्हणतात? हे मागे बसून वाजवतात, त्याला?"

"साथ."

"साथ म्हणजे सोबतच ना?"

"हो. शब्द तोच."

त्यांनी पेटी उघडली. तारा उतरल्या होत्या. तानपुरा ऐकत त्यांनी त्या जुळवल्या आणि एकच सूर लांबवर ओढला. रॉबर्ट आत जाऊन रडला. पुढे काही वर्षं, जमेल त्या रविवारी, आम्ही तिघं बसलो. आमच्या वाजवण्याला ना त्यांच्याकडे नाव होतं, ना माझ्याकडे. नाव द्यायचा विषय त्यांनीही कधी काढला नाही.

त्यांना जाऊन आता महिना उलटला. शाळेची प्रार्थना वर्षानुवर्षं त्याच घ्यायच्या. हात न हलवता, 'एक दोन तीन' न म्हणता, नाकानं एक मोठा, ऐकू जाईल असा श्वास घ्यायच्या आणि सगळी शाळा त्या श्वासावर प्रार्थना सुरू करायची. ते काम आता माझ्याकडे आलंय. पहिल्या दिवशी मुलांसमोर उभी राहिले. आवाज फुटेल का, याचीच धास्ती. स्वतःला सावरायला म्हणून मी खोल श्वास घेतला... आणि मी तोंड उघडायच्या आतच मुलांनी एका सुरात प्रार्थना धरली.