रिठ्याच्या पाण्यातले व्हॉल्व्ह

सबंध रायगड जिल्ह्यात ज्याच्याइतकं हळू कोणी बोलत नसेल, अशा एका माणसाची जन्मभराची मेहनत मी एका सकाळी रिठ्याच्या पाण्यात धुऊन काढली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे तुम्हाला माझ्याबद्दल आदर वाटू लागला तर पंचाईत नको. तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते, म्हणजे अगदीच कोवळी. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला जगातली प्रत्येक वस्तू आपल्याला कळते असं वाटत असतं, आणि जी कळत नाही ती निदान घासून स्वच्छ करता येईल असं वाटत असतं.

हा माणूस म्हणजे ह्यांचे मावसभाऊ, माझे भाऊजी. मुंबईच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आधी बायको गेली, मग स्टुडिओ बंद पडला, मुलगा पुण्याला. तेव्हा ते रेवदंड्याला आमच्या वाडीत, विहिरीपलीकडच्या सुपारीच्या खोलीत राहायला आले. येताना कपड्यांची एक पिशवी आणली, स्टुडिओतली एक-दोन जुनी यंत्रं आणि व्हॉल्व्हची अकरा खोकी. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओच्या पोटात मिणमिणायच्या ना, त्या काचेच्या नळ्या. स्टुडिओतल्या जुन्या कंप्रेसरमध्ये तसलेच लागतात. आता कंप्रेसर हा शब्द ऐकून मी पहिल्याच आठवड्यात माझ्या फ्रिजची तक्रार घेऊन त्यांच्याकडे गेले होते, हेही सांगून मोकळी होते. त्यांनी शांतपणे फ्रिज दुरुस्त केला आणि मग सांगितलं, "वहिनी, माझी ती पेटी वेगळी. गाणारा फार ओरडला की ती त्याच्या खांद्यावर हात ठेवते. पुटपुटला की जरा पुढे ढकलते. घरातल्या वडील बाईसारखी." मला वाटलं, हे माझ्याबद्दल आहे. नंतर कळलं की भाऊजी टोमणे मारत नाहीत, त्यांना ते येतच नाहीत.

त्यांनी स्वतःलाही तसलाच एक कंप्रेसर बसवून घेतला असावा. आवाज कधी वर नाही, कधी खाली नाही. एकदा दुपारी दारात येऊन म्हणाले, "वहिनी, तुमच्या मोरीत नाग आहे. चहा झाला की बघा." मी चहा पूर्ण प्यायले, कारण ज्या आवाजात ते लाईट गेली असं सांगत त्याच आवाजात हे सांगितलं होतं. हातात पेन्सिल कायम. व्हॉल्व्हवर पेन्सिलीने टकटक करून ते कान लावायचे. आतलं काही सैल असेल तर नळी किणकिणते म्हणे. मग सवयीने शहाळ्यावर टकटक, माझ्या कपबशीवर टकटक. एकदा आमच्या डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपवरही करून झाली. आणि व्हॉल्व्ह ठेवायचे कशात, तर अंड्यांच्या ट्रेमध्ये. खाऱ्या हवेत पुठ्ठा ओल शोषून घेतो, असं त्यांचं म्हणणं. जन्मात अंडं न खाल्लेला हा माणूस बाजारातून रिकामे ट्रे मागून आणायचा, आणि सगळ्या आळीची खात्री झाली होती की भाऊजी दिवसाला तीस अंडी खातात. "तब्येत दिसत न्हाय पन," असं आमची मासळीवाली मला हळूच म्हणाली.

शेजारच्या कोळीवाड्यात हळद होती. तीन दिवस डीजेच्या भिंतीएवढ्या भोंग्यांनी आमची कौलं नाचत होती. तिसऱ्या दिवशी भाऊजी उठले आणि सरळ मांडवात गेले. मला वाटलं, आता भांडण. मी काठी घेऊन मागे. भाऊजी नवऱ्याच्या बापाला म्हणाले, "तुमचा डावा भोंगा फाटलाय. दुखत असेल त्याला." तो बिचारा घामाने निथळत म्हणाला, "काका, येक भोंगा काय घेऊन बसलाव, आमी सगलेच फाटलाव. पन पोराची हलद हाय." भाऊजींनी तिथेच बसून भोंगा दुरुस्त केला. आवाज दुप्पट झाला. मी काठी घेऊन एकटी घरी आले.

इतकं सगळं असूनही आमचं बोलणं असं फार नव्हतंच. हे गेल्यापासून पुढच्या घरात मी एकटी, मागच्या खोलीत ते एकटे, मध्ये विहीर. सकाळी मी कठड्यावर चहाचा थर्मास ठेवायचा, दुपारी त्यांनी तो विसळून परत ठेवायचा. कुणी विचारलं तर मी सांगायची, सोबत आहे हो घरात. सोबत म्हणजे तो थर्मास.

आणि मग एक दिवस तो विसळलेला थर्मास त्यांनी हातात आणून दिला आणि म्हणाले, "मुलगा फार मागे लागलाय. पुण्याला जातो. व्हॉल्व्हना मुंबईचं गिऱ्हाईक मिळालंय, परवा येईल." मी म्हटलं, "बरं झालं, तिकडे डॉक्टर जवळ." घरात येऊन चार दिवसांची भाजी एकाच वेळी चिरून टाकली. मला काही वाटलं नाही, हे स्वतःला पटवायला बरंच काही चिरावं लागतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी अलिबागला कामाला गेले. अकरा खोकी त्यांनी पडवीत काढून ठेवली होती, धुळीने माखलेली. माझ्या मनात आलं, उद्या गिऱ्हाईक येणार, आणि मुलगी दाखवायची ती काय अशी. जाताना निदान एवढं तरी आपल्या हातून व्हावं. मोठ्या घमेल्यात रिठे भिजवले. एकशे ऐंशी व्हॉल्व्ह एकेक करून धुतले, जुन्या साडीने पुसले, सुपात घालून उन्हात वाळवले, आणि उंचीप्रमाणे ओळीने लावले, शाळेत प्रार्थनेला मुलं उभी करतात तसे. काय लखलखत होते म्हणून सांगू. काचेवर पांढरं काहीतरी लिहिलेलं होतं, तेही सगळं निघालं याचा तर मला विशेष आनंद झाला होता.

ते पांढरं म्हणजे नंबर होते. कारखान्याचे, आणि त्याखाली भाऊजींनी घातलेले जोडीचे. कंप्रेसरमध्ये हे व्हॉल्व्ह जोडीने बसतात आणि दोघांनी अगदी सारखं ओढावं लागतं, शर्यतीच्या गाडीच्या बैलांसारखं. एकाने जास्त ओढलं की गाण्याच्या मागे धप्प असा आवाज येतो. हे व्हॉल्व्ह करणारे कारखाने कधीच बंद पडले. नवे मिळतात ते दिसायला तसे, वागायला नाहीत. त्यामुळे एक जळाला की त्याच्या जागी बसेल असा दुसरा शोधायला वर्षं लागतात. भाऊजींनी उभा जन्म घालून नव्वद जोड्या जमवल्या होत्या. मी एका सकाळीत सगळ्यांचा काडीमोड केला.

ते आले, बघितलं, पेन्सिल खिशात ठेवली. "छान निघालेत, वहिनी," म्हणाले. तोच आवाज. मग एक व्हॉल्व्ह उचलून उजेडाकडे धरत, "आता कोण कुणाचा, ते त्यांनाच विचारावं लागेल." त्या दिवशी त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं, ते ट्रे पाहून म्हणालं, "अंकल, नंबरच नाही तर मी काय समजू? पेअर करून ठेवा, मग एका फोनवर टेम्पो पाठवतो." पुण्याचं जाणं लांबलं. ते फक्त लांबलं होतं. व्हॉल्व्ह मोजून संपले की भाऊजी जाणार, आणि मोजायला मदत करणं तर माझ्याच कपाळी आलं होतं. आपलीच शिक्षा आपल्याच हाताने लवकर संपवायची, असला तो प्रकार.

दुपारी तीनला मी वही घेऊन सुपारीच्या खोलीत जायची. व्हॉल्व्ह किती ओढतो ते मोजणाऱ्या टेस्टरवर तो लावला की अर्धा तास नुसता तापू द्यायचा, त्याआधी त्याचा काटा खरं सांगत नाही. त्या अर्ध्या तासात करायचं काय? पहिले काही दिवस आम्ही व्हॉल्व्हकडे बघत बसलो. मग बोलू लागलो. दिवसाला तीन व्हॉल्व्ह, म्हणजे दीड तास बोलणं. त्यांची बायको स्टुडिओत डबा घेऊन यायची आणि लाल दिवा लागला असला की बाहेर उभी राहून जेवण गार करायची, हे मला बाराव्या व्हॉल्व्हला कळलं. आमचे हे माझ्याशी शेवटचं भांडण करून रुसलेलेच गेले, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते चाळिसाव्याला सांगितलं. भाऊजी काट्याकडे बघत म्हणाले, "हा अजून तापला नाही. थांबू या." तो केव्हाच तापला होता. लाईट गेली की व्हॉल्व्ह गार, पुन्हा पहिल्यापासून. इतकी वर्षं वीज मंडळाला शिव्या देणारी मी, त्या महिन्यांत एकही दिली नाही.

जोडी जमली की ती त्यांच्या स्वतःच्या कंप्रेसरमध्ये बसवून बघायची. जुने दोन काढायचे, नवे दोन बसवायचे, आणि माइकसमोर मी. "हजेरी घ्या, वहिनी. आधी हळू, मग वर्गात दंगा चाललाय तशी." मी सुरू करायची, अनंत, अलका, बाळकृष्ण. शेवटी असा आवाज चढवायची की वाडीतले कावळे उडायचे. भाऊजी कानाला हेडफोन लावून डोळे मिटून धप्प शोधायचे. एकदा मी एक नाव घेऊन थांबले, तर समोरून त्या एकसुरी आवाजात उत्तर आलं, "हजर, बाई." सत्तरीचा माणूस. मला पुढची नावंच आठवेनात.

भाऊजींना देवाघरी जाऊन आता दोन पावसाळे झाले. व्हॉल्व्ह मुलाने मुंबईला देऊन टाकले, बरोबर केलं. त्या खोलीत पुन्हा सुपारी भरलीय. दुपारी मी आता झोपते, म्हणजे आडवी होते.

पण मला सांगायचा आहे तो त्या मोजणीच्या वर्षीच्या फाल्गुनातला दिवस. नव्वदावी जोडी जमली. वहीत मी शेवटची ओळ लिहिली, खाली रेघ मारली आणि फार छान झालं असा चेहरा करून शिरा करायला उठले. भाऊजी मोबाईल घेऊन पडवीत गेले, गिऱ्हाइकाला टेम्पो पाठवायला सांगायला. त्यांचं बोलणं दोन हातांवरून ऐकू यायचं नाही, तेव्हाही आलं नाही. मी रवा भाजत राहिले, तो जरा करपलाच. ते आत आले, पाटावर बसले, बशी पुढे ओढली आणि मोरीतल्या नागाच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, मी त्याला कळवलंय, अजून निम्मेसुद्धा मोजून झालेले नाहीत."