पाठीमागे उभा राहणारा

उधन्यातली आमची कारखान्यातल्या कामगारांची खोली पाळीवर चालते. दिवसपाळीचा उठला की त्याच गादीवर रातपाळीचा येऊन झोपतो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही मला घरात चोरपावलांनीच वावरावं लागतं. बोलायची तर सोयच नाही.

मोबाइलवरच्या ऑनलाइन लढाईत मी छुपा मारेकरी होतो, यात नवल ते काय. अदृश्य व्हायचं, समोरच्याच्या पाठीमागून चालायचं आणि तो दुसऱ्या कोणाशी भिडला की मगच वार करायचा. काही उतावळे दिसल्या माणसावर सुरी चालवतात आणि फुकट मरतात. त्यांची मला चीड येते. धीर नसेल तर समोरून लढावं.

त्या दुपारी मी एका योद्ध्याच्या मागे कितीतरी वेळ उभा होतो. मैदानात तिसरं कोणी फिरकेना. शेवटी तो थांबला आणि त्याने लिहिलं, "कोई है?"

आठवडाभरात मला कोणी काही विचारलं नव्हतं. या खेळात काही लिहिलं की लपलेला माणूस दिसू लागतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी लिहिलं, "हां, मैं हूं."

तो वळला आणि एका घावात त्याने मला संपवलं.

पुन्हा जिवंत होताच मी त्याला शोधायला निघालो, या वेळी न लपता.