रविवारचं हसू

रविवारी दुपारी आमच्या मुलुंडच्या घरात नाटकाची तयारी चालते. बायकोला पुढून बटणं असलेला कुर्ता घालायचा, वेणी घालायची, खुर्चीत बसवायचं, उजवा हात ओढणीखाली झाकायचा. बाहीत हात घालताना तिच्या खांद्यात कळ येते, ती ओठ दाबून धरते. मग ऑस्ट्रेलियातून लेकीचा व्हिडिओ कॉल येतो आणि तेच ओठ हसायला लागतात.

पाडव्याच्या सुमाराला तिला अर्धांगाचा झटका आला. जीभ बरीच सावरली, हात नाही सावरला. लेकीला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. आधी एकदा मूल पोटातच गेलेलं, त्यामुळे तिथल्या डॉक्टरनं ताण घेऊ नका म्हणून बजावलेलं. हॉस्पिटलात बायकोचं पहिलं धड वाक्य निघालं ते हे, "तिला सांगायचं नाही." मी बरं म्हटलं. आजारी माणसाशी वाद कोण घालणार?

मला नाटकाचं अंग नाही. शाळेत मला पडदा ओढायला ठेवत, इथेही माझं काम तेच. हिचा शब्द अडखळला की मी ओरडतो, "नेटवर्कची वाट लागलीय गं!" लेक हसते, ही हसते, मीही हसतो.

गेल्या रविवारी लेक म्हणाली, "आई, तिकीट काढलंय तुझं. बाबांचंही. इथे बाई मिळते गं, पण बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला मला तूच हवीस. आणि डिंकाचे लाडू तुझ्या हातचे हं, दुकानातले नकोत."

आमच्यात पहिलं बाळंतपण आईनंच करायचं असतं. मी बायकोकडे पाहिलं. वाटलं, आता तरी सांगेल.

"येते की! न यायला काय झालं?" ती म्हणाली.

लेकीला रडूच फुटलं, आनंदानं. मी तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते एवढंच, "आवाज तुटतोय गं." आवाज अगदी स्वच्छ येत होता. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

सोमवारी सकाळी तिनं डिंक आणवला. तळला मी, खोबरं भाजलं मी, गूळही मीच मिसळला. ती परातीपुढे बसली, डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि सारणावर ठेवला. बोटं मिटेनात. डाव्या हातानं ती एकेक बोट वाकवत होती आणि सोडलं की ते पुन्हा सरळ होत होतं. कोमट सारण गार होत चाललं होतं.

"सांगूया का गं तिला?" मी विचारलं.

तिनं मान वर केली आणि छान हसली. "अहो, जमेल हो. अजून वेळ आहे."

ते हसू मी ओळखलं. ते रविवारचं होतं. फोन तर बंद होता, समोर फक्त मी होतो.

मीही हसलो, आणि सारण पुन्हा कोमट करायला परात गॅसवर ठेवली.