हेमालीच्या वाटणीचा बांध

चिरखारच्या हेमालीला आठवड्यात एकच वार होता, तो रविवार. बाकीचे सहा ती नुसते काढायची. नवरा अल्पेश बंदरातून निघणाऱ्या ट्रेलरवर. आज अहमदाबाद, तर उद्या हैदराबाद. महिन्याकाठी दोनदा घरी यायचा, जेवायचा, झोपायचा, आणि बोललाच तर टायरचं बोलायचा. मुलगी साक्षी पुण्याला नर्सिंगला. सासू ठमाबाई देवाघरी गेलेली. घर दोन मजली, लाद्या अशा की तोंड दिसावं, पण दिसायचं ते स्वतःचंच. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना हेमाली जरा मोठ्यानेच म्हणायची. देवाला ऐकू जातंच. आवाज लागायचा तो घराला.

अशा घरी अमिषा आली ती तहान लागली म्हणून. पनवेलची, भांड्यांचं दुकान असलेल्या घरची, गुजराती. डोक्यावर हेल्मेट, खाली जाड टायरची गिअरची सायकल. पाणी प्यायली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "तुमच्या गावात इतकी मस्त वाट आहे, आणि कोणी चालवत नाही?"

"कुठली वाट?"

"हीच ना. तळ्यावरून बांधावर जाते ती. ना चढ, ना उतार. मेन रोडवर तर ट्रेलरवाले जीव घेतात."

"त्यातलाच एक माझा नवरा हाय," हेमाली म्हणाली. अमिषा इतकी हसली की पाणी सांडलं.

तेव्हापासून अमिषा दर रविवारी यायची. गाडी हेमालीच्या अंगणात लावायची, मागची सायकल उतरवायची. तिने नवी सायकल घेतली तेव्हा जुनी हेमालीला आणून दिली. हेमाली लहानपणी भावाची सायकल चालवायची, लग्नानंतर पाय लागला नव्हता. ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधून ती चढली आणि पहिल्याच दिवशी तळ्याच्या काठच्या शेवाळात जाऊन बसली.

"हेमाबेन, आंघोळ घरी करायची असते," अमिषा म्हणाली.

पण पाय बसला. तळ्याच्या कडेने सावली, मग चिंचेपासून वळलं की बांध. डाव्या हाताला तिवरं आणि खाडी, उजव्या हाताला खारजमिनीतली भातशेतं. मध्ये उघाडी, म्हणजे भरतीला मिटणारी आणि ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडणारी लाकडी झडप. तिच्याजवळ शेंदूर लावलेला एक दगड. तिथे दोघी उतरायच्या, चपला-बूट काढून नमस्कार करायच्या, डब्यातलं खायच्या. हिवाळ्यात खाडीत गुलाबी पक्षी उतरायचे. अमिषा दुकानातल्या गोष्टी सांगायची, सासूची नक्कल करायची. हेमाली काय सांगायची कोण जाणे, पण घरी येईतो तिचा घसा दुखायचा. आठवडाभर न वापरलेला घसा तो.

आता या बांधाचं सांगायला हवं. तो सरकारचा नाही आणि एकट्याचाही नाही. गावातल्या प्रत्येक घराला त्याचा एकेक तुकडा वाटणीला आलेला. आपला तुकडा आपण राखायचा. खचला तर चिखल घालायचा, भोक दिसलं तर बुजवायचं. पोरं गाड्यांवर गेली, शेतं पडीक पडली, तरी वाटणी काही सुटत नाही. अल्पेशच्या घराची वाटणी उघाडीच्या शेजारीच. तिच्या मागचं शेत मोरूकाकांचं. मनापासून भात लावणारा गावात तो एकच म्हातारा उरला होता.

आषाढात अमिषाने फोनवर विचारलं, "पावसात बंद ठेवू या का गं? बांध ओला असेल."

चार महिने रविवार नाही? हेमाली म्हणाली, "ये तू. बांधाचं मना ठाव हाय."

ते अगदीच खोटं नव्हतं. नवी माती घातली की ठमाबाई तिच्यावरून म्हशी हाकायची, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं. जनावर फिरलं की माती बसते, बांध घट्ट होतो. मग म्हशी चालतात तिथे सायकल का नको? उलट बरंच आहे, असं तिने मनाशी धरलं. गावात आता म्हशी तरी कुठे उरल्या होत्या? तेवढंच सासूचं काम आपल्या हातून होतंय, असंही तिला वाटायचं. आषाढातले सगळे रविवार दोघी त्या ओल्या बांधावरून गेल्या आणि आल्या. चिखल पाठीपर्यंत उडायचा. दोघी खुश.

श्रावण लागायच्या अमावस्येला उधाण आलं. ऐन दुपारची भरती, वर पाऊस, वारा खाडीकडून. मोरूकाकांची हाक आली, "खांड गेलीऽऽ". खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. पूर्वी या हाकेला ताटावरून माणसं उठायची. त्या दिवशी काका, त्यांची म्हातारी, देवळातले दोन वयस्क आणि हेमाली, एवढीच आली. भगदाड हेमालीच्या वाटणीत होतं. पाणी ओसरेपर्यंत काही करता येईना. हेमाली देवाचं नाव घेत उभी राहिली आणि खारं पाणी काकांच्या लावलेल्या भातात पसरत गेलं. ओहोटीला सगळ्यांनी मिळून गोण्या टाकल्या, चिखलाचे गोळे दाबले.

भगदाडाच्या दोन्ही अंगांना, बांधाच्या माथ्यावर, बोटभर खोल एक सरळ चर होता. काकांनी त्यात बोट फिरवलं.

"हेमाले, ह्यो कशाचा?"

"सायकलीचा, काका. म्हशीनं माती बसते, तशी चाकानं बसंल वाटलं मना."

काका पाठ धरून उठले. "म्हस एक पाय हितं टाकते, एक तिथं. चाक आपलं एकाच रेघेनं जातं गो. पाण्याला तेवढी रेघ पुरते."

एवढंच बोलले. ना शिवी, ना ओरडा. गावातही कोणाला बोलले नाहीत. शेताचा अर्धा भाग पिवळा पडून जळाला, तो ते रोज बघत होते आणि हेमाली दिसली की विचारत होते, "चाय झाली काय?" तिला वाटायचं, यापेक्षा त्यांनी चार लोकांत वाभाडे काढले असते तर बरं.

पुढच्या रविवारी अमिषा आली तेव्हा बांधाच्या तोंडाशी हेमालीने स्वतःच्या हाताने बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या होत्या. सगळं ऐकून अमिषाचा चेहरा उतरला. ती उठून काकांकडे गेली, सॉरी म्हणाली. काकांनी वेलावरच्या दोन काकड्या काढून तिच्या हातात दिल्या. त्या दिवशी दोघींनी तळ्यालाच फेऱ्या मारल्या.

"घाण्याच्या बैलासारखं झालं ना," अमिषा हसत म्हणाली. बोलली ते वाईट हेतूने नव्हे. पण पुढच्या रविवारी दुकानात गर्दी निघाली, त्याच्या पुढच्या रविवारी तिच्या सायकलवाल्या मैत्रिणींचा ग्रुप दिवेआगरला गेला. ओल्या वाळूवर सायकली, मागे माडांची रांग, असे फोटो आले. खाली लिहिलेलं, 'तू हवी होतीस. गाडीत चौथी सायकल मावत नाही गं.' हेमालीने अंगठा पाठवला.

मार्गशीर्षात अमिषाचा फोन आला. "आता सुकलं असेल ना? सहा जणी आहोत. उघाडीपर्यंत जाऊ, डबे आणतो. तुझ्या हातची भाकरी पाहिजे त्यांना. गाव काही बोललं का?"

"गाव काय बोलत नाय."

"मग?"

"बघून सांगते."

गाव खरंच काही बोललं नव्हतं. काट्या तिनेच टाकलेल्या, तिनेच ओढायच्या. सहा जणी अंगणात येणार, ओट्यावर बसणार, घरभर आवाज होणार. हेमालीने मनात भाकऱ्या थापूनही टाकल्या. मग ती बांधावर गेली. वरून माती पांढरी, कडक दिसत होती. तिने टाचेवर भार देऊन दाबलं. पापुद्रा मोडला, टाच आत गेली आणि खाली माती ओलीच लागली. पलीकडे काका वाचलेल्या भाताचा पेंढा बांधत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. हेमालीने उघाडीजवळच्या दगडाला हात जोडले, पण मागितलं काहीच नाही.

"नको येऊ गो," तिने फोनवर सांगितलं. "एक पावसाळा तरी खाऊन घट्ट बसू दे ती माती."

"अच्छा. ठीक आहे, डिअर. मग बघू. काळजी घे."

राग नव्हता आवाजात. राग असता तर समजूत काढायला पुन्हा फोन करता आला असता.

त्या रविवारी हेमालीने ओढणी कमरेला बांधली आणि सायकल काढली. तळ्याला फेरी घालायला वेळ तो किती लागणार. पहिल्या फेरीला पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून बघत होत्या. एकीने विचारलंही, "एकटीच आज?" दुसऱ्या फेरीला कोणी मान वर केली नाही. आणखी एक मारावी म्हणून ती गेली, तेव्हा बाया पिळे उचलून निघून गेल्या होत्या आणि पायऱ्या सुकायला लागल्या होत्या.